नव्या घराच्या धाब्यावर फ्री डिशची छत्री: स्ट्रेंथ ८५, क्वालिटी शून्य

शाळेच्या_बाई_चोपडा | २६ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही चोपड्यात नव्या घरात राहायला आलो. तळमजलाच आहे, वर स्लॅबचं धाबं. गावाकडचं मातीचं घर सोडून सासूबाईही आमच्यासोबत आल्या. सामानाच्या गाडीत त्यांनी दोन वस्तू काही ठेवू दिल्या नाहीत, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या: देव्हाऱ्यातले टाक आणि फ्री डिशचा बॉक्स. गावाला तोच बॉक्स, तीच छत्री नऊ वर्षं चालली. रिमोटवरची अक्षरं पुसली गेलीत, पण सह्याद्री कुठल्या बटणावर लागतं ते त्यांच्या अंगठ्याला पाठ आहे.

इथे मात्र महिना झाला, टीव्ही कोरा. मिस्त्रींनी जाता जाता कठड्याच्या आग्नेय कोपऱ्यात दोन फुटी पाईप रोवून दिला, त्यावर मी आणि पुतण्याने छत्री चढवली. दिशा माहीत नव्हती म्हणून शेजारच्यांची टाटा प्लेची छत्री जिकडे बघते तिकडेच आमची केली. समोर आडवं काही नाही, शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवरून सरळ मोकळं आकाश दिसतं. कोपऱ्याशी त्यांच्या अंगणातला कडुनिंब आहे, पण छत्रीचं तोंड त्याच्या शेंड्याकडे नाही. बॉक्सवर सिग्नल स्ट्रेंथ ८५ दाखवतो, क्वालिटी शून्य. पुतण्या म्हणतो, ८५ म्हणजे सिग्नल भरपूर आहे, बॉक्सच बिघडला असेल.

गावातल्या एका दुकानात फोन केला. नवीन कनेक्शन घ्यायचं तर माणूस पाठवतो, जुनी छत्री जोडायला येत नाही, असं सांगितलं. नवा बॉक्स आणायला माझी ना नाही. पण दोष बॉक्समध्ये आहे की बाहेर, हे कळल्याशिवाय पैसे घालायचे नाहीत. आमचे हे ट्रकवर असतात, आत्ता सुरतकडे गेलेत, पंधरा दिवसांनी येतील. तोवर वर चढायचं ते मलाच. माझ्याकडे तेरा नंबरचा पाना आहे, मोबाईलमध्ये होकायंत्र आहे आणि आरजी-६ ची नवी वीस मीटर केबल आहे. काय, कुठल्या क्रमाने करू ते सांगाल का? सासूबाई संध्याकाळी कोऱ्या टीव्हीसमोरच बसतात. मला ते बघवत नाही.

भुसावळ_जंक्शन | २६ सप्टेंबर, रात्री १०.०५

बाई, छत्रीचा नाद सोडा. फायबर घ्या, त्यावर सगळं दिसतं. आमच्या बिल्डिंगमध्ये आता एकही छत्री उरली नाही.

शाळेच्या_बाई_चोपडा | २६ सप्टेंबर, रात्री १०.२०

भाऊ, घरात नेट आहे, माझ्या कामाला लागतं. पण सासूबाईंना चार बटणांत टीव्ही लागायला हवा. आणि फ्री डिशला महिन्याचं बिल नाही, हे त्यांच्यासाठी फार मोठं आहे. मुलाच्या पैशावर रोज टीव्ही बघतेय असं त्यांना वाटता कामा नये.

धरणगाव_फिटर | २७ सप्टेंबर, सकाळी ६.५०

ताई, तुमचा बॉक्स बहुतेक चांगला आहे. आधी हे सांगतो म्हणजे नव्याचा खर्च वाचेल.

मी बावीस वर्षं छत्र्या बसवतोय. दहातल्या सात घरांत लोक तुमच्यासारखेच स्ट्रेंथ बघून फसतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत किती जोर पोहोचतो ते. एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेली डबी, समोर येईल ते वाढवून खाली पाठवते, रिकाम्या आकाशाची खरखर सुद्धा. छत्री गोठ्याकडे वळवली तरी तुमच्या बॉक्सवर ८०च्या पुढे आकडा दिसेल. त्या ८५ चा अर्थ एवढाच की केबल आणि एलएनबी जिवंत आहेत. उपग्रह सापडला की नाही हे फक्त क्वालिटी सांगते. त्यामुळे स्ट्रेंथकडे बघायचंच नाही.

आता खरी चूक. शेजाऱ्यांची छत्री टाटा प्लेची, ती ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे बघते. फ्री डिश आहे जीसॅट-१५ वर, ९३.५ अंश पूर्वेला. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला. आपल्यापासून ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी उभा असतो. तुमच्या चोपड्याहून तो होकायंत्राच्या १३८ अंशांवर दिसतो, म्हणजे जवळपास बरोबर आग्नेयेला. उंची क्षितिजापासून ५८ अंश. टाटावाला १६० अंशांवर आणि ६४ उंचीवर. तुम्ही बावीस अंश उजवीकडे आणि सहा अंश वर बघून राहिल्यात, मग क्वालिटी कुठून येणार?

होकायंत्र पाईपजवळ धरू नका, लोखंडाने सुई फिरते. कठड्यातल्या सळ्याही फसवतात. धाब्याच्या मधोमध उभं राहून दिशा घ्या आणि त्या रेषेवर लांबची एखादी खूण धरून ठेवा. तुमच्याकडे तर आणखी सोपं आहे. चोपड्याहून सातपुडा उत्तरेला दिसतो. उपग्रहाकडे तोंड केलं की सातपुडा डाव्या खांद्याच्या मागे यायला हवा. नसेल तर होकायंत्र चुकतंय.

छत्री वळवण्याआधी पाईपला ओळंबा लावा, दोन बाजूंनी. माझ्या कामात निम्मा वेळ इथेच जातो आणि लोकांना वाटतं उगाच वेळ काढतोय. मिस्त्री पाईप नजरेने रोवतात. दोन फुटात दीड इंच कलला तर साडेतीन अंशांचा फरक पडतो, आणि आपली साठ सेंटीमीटरची छत्री दीड-दोन अंश सरकली की उपग्रह हातचा जातो. पाईप तिरका असेल तर ब्रॅकेटवरचा ५८ चा आकडाही खोटा, आणि छत्री डावी-उजवी फिरवली की उंची आपोआप बदलत जाते. मग तुम्ही दिवसभर फिरवत बसाल.

ओळंबा बरोबर आला की उंची ५८ वर पक्की आवळा. बाजूचे नट एवढेच सैल ठेवा की दोन्ही हातांनी जोर लावल्यावर छत्री सरकेल. बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत एलएनबी ९७५०/१०६००, ट्रान्सपॉन्डर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० घाला आणि तो मेनू उघडाच ठेवा. मग छत्री करंगळीएवढी सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. बॉक्सला आकडा बदलायला वेळ लागतो. घाईने फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो आणि त्याला कळतही नाही.

एक सावधगिरी. ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे, अगदी शेजारी. वाहिन्यांची नावं आली पण सगळ्या कुलूपबंद निघाल्या तर तुम्ही तिकडे घसरलात. छत्रीच्या कडेला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर उजवीकडे या.

शहादा_कापूसवाला | २७ सप्टेंबर, दुपारी १.१५

फिटरभाऊंनी सगळं सांगितलं, माझी एवढीच भर. नवी केबल लावताना कनेक्टर स्वतः सोललात का? आमच्या घरी जाळीचा एक केसाएवढा तार मधल्या तांब्याला चिकटला होता, त्यावर चार दिवस गेले. मल्टिमीटर असेल तर एलएनबीकडचं टोक काढून मोजा, व्हर्टिकलला १३ व्होल्ट मिळायला हवेत.

धरणगाव_फिटर | २७ सप्टेंबर, दुपारी २.००

बरोबर बोलले भाऊ. ताई, सोलायची रीत लिहितो. वरचं काळं आवरण पाऊण इंच कापा, पण ब्लेड हलक्या हाताने, जाळीला धार लागू द्यायची नाही. जाळी मागे उलटी दुमडा, चारी बाजूंनी सारखी, जसं बाही दुमडतो तशी. मग आतला पांढरा फोम तांब्यापासून वेगळा करा. तांब्याला ब्लेडचा ओरखडा पडला तर टोक कापून पुन्हा करा, तो तार पुढच्या उन्हाळ्यात तिथेच तुटतो. कनेक्टर पिळत चढवा, पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या काठाशी आला पाहिजे आणि तांबं तोंडातून दोन-तीन मिलिमीटरच बाहेर दिसलं पाहिजे. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून आत बघा. जाळीचा एकही केस मध्ये नको. केबल जोडताना-काढताना प्रत्येक वेळी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला असावा, फक्त मल्टिमीटरने मोजताना तेवढा बॉक्स चालू हवा.

शाळेच्या_बाई_चोपडा | २८ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

फिटरभाऊ, तुमचे उपकार कसे मानू. आज बरंच पुढे सरकले, पण पोहोचले नाही.

ओळंबा लावला तर पाईप घराच्या बाजूला चांगला दोन बोटं कललेला. तळाशी पत्र्याच्या पाचरी ठोकून सरळ केला, पुन्हा दोन्हीकडून ओळंबा बघितला. कनेक्टर दोन्ही टोकांचे नवे केले. एकात खरोखर जाळीचा केस होता. मल्टिमीटर शाळेतल्या प्रयोगाच्या पेटीतून आणला, १३.२ व्होल्ट आले.

मग फोन चालू ठेवून मी वर आणि सासूबाई टीव्हीसमोर. आकडे त्यांना वाचता येतात. वीस मिनिटं त्या नुसतं "शून्य, शून्य" म्हणत होत्या, एकदाही कंटाळल्या नाहीत. आणि मग एकदम ओरडल्या, "अठ्ठावीस!" माझे हात थरथरायला लागले. नट हळूहळू आवळले. पण आकडा स्थिर राहत नाही. अठ्ठावीस, बारा, शून्य, पस्तीस, शून्य. चित्र चौकटी-चौकटींनी फुटतं आणि जातं. वारा आला की जास्त उड्या मारतो. मी छत्री दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले, तरी तसंच. एलएनबी थोडी डावी-उजवी पिळून बघितली, दोन-चार आकड्यांचा फरक पडला, तेवढाच. आता काय राहिलं?

धरणगाव_फिटर | २८ सप्टेंबर, रात्री ९.१०

ताई, छत्री धरून ठेवली तरी वाऱ्याने आकडा उडतो, म्हणजे हलतंय ते छत्रीच्या पुढचं काहीतरी. तो कडुनिंब.

तुम्ही म्हणालात, तोंड त्याच्या शेंड्याकडे नाही. इथे सगळ्यांचा डोळा फसतो. आपली छत्री ऑफसेट असते. दिसायला ती बऱ्यापैकी उभी, समोर टाकीकडे बघणारी. पण तिची खरी नजर तोंडाच्या सरळ रेषेत नसते, त्याहून वीस-पंचवीस अंश वर असते. म्हणून तर एलएनबीचा दांडा खालून येतो. तुम्हाला वाटतं छत्री टाकीवरून बघते, ती खरं तर टाकीच्या खूप वरून, फांदीतून बघत असणार. लांबचं झाड ५८ अंशांना आडवं येत नाही, त्यासाठी ते अंतराच्या दीडपटीहूनही जास्त उंच लागतं. पण डोक्यावर झुकलेली फांदी नक्की येते. आणि पावसाळा संपताना निंबाचा पाला दाट असतो.

फांदी तोडायला शेजाऱ्यांना सांगू नका, छत्रीची जागा बदला. कुठे, ते सूर्याला विचारा. तुमची वेळ फार चांगली आहे. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो, मार्चच्या ११ तारखेच्या आगेमागे आणि २ ऑक्टोबरच्या आगेमागे. दोन तारखेला अजून चार दिवस आहेत, त्या दिवशी सुट्टीही आहे. चोपड्याला सकाळी १०.५५ च्या सुमाराला वर जा. त्या क्षणी धाब्यावर जिथे ऊन, तिथून उपग्रह मोकळा. जिथे निंबाची सावली, तिथून झाकलेला. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे बघा आणि सावलीच्या कडेने खूण करा. छत्री जमिनीपासून दोन-अडीच फूट वर असते आणि झाडही वाढणार, म्हणून खुणेपासून चार-पाच फूट सोडूनच नवी जागा धरा.

नव्या स्लॅबला भोकं पाडू नका. जुन्या घमेल्यात किंवा गाडीच्या जुन्या डिस्कमध्ये काँक्रीट भरून त्यात पाईप ओळंब्यात उभा करा. वर वाळूच्या दोन गोण्या ठेवा. मेमधलं आपलं वावधन तुम्हाला माहीत आहे, रावेर-यावलकडे उभ्या केळी झोपवतं. त्याच्यापुढे नुसतं घमेलं टिकायचं नाही.

शाळेच्या_बाई_चोपडा | २ ऑक्टोबर, दुपारी १२.१०

शाळेतली जयंती आटोपून साडेदहाला घरी आले, थेट वर गेले. पर्समध्ये खडू होताच.

१०.५४ ला छत्रीकडे बघितलं. तिच्या करड्या ताटावर निंबाची पानं पडली होती, सावलीची, एकेक पान वेगळं ओळखू येईल अशी. वाऱ्याने ती ताटावरून इकडून तिकडे सरकत होती. मध्येच सगळी बाजूला झाली, ताट उजळलं आणि एलएनबीच्या पांढऱ्या टोपीवर उजेडाचा ठिपका उमटला. लगेच पानं परत आली. महिनाभर मी ज्याच्यामागे धावत होते ते डोळ्यांसमोर होतं. मुलांना भूगोलात उपग्रह शिकवते, पण त्याची जागा अशी उन्हात दिसेल असं कधी मनात आलं नव्हतं.

मग सावलीच्या कडेने खडूची रेघ ओढत गेले. आग्नेयेचा सगळा कोपरा सावलीत, जवळजवळ बारा फूट आतपर्यंत. वायव्येला जिन्याच्या खोलीजवळ मात्र लख्ख ऊन. तिथे फुली मारली. पुतण्या ट्रॅक्टरची जुनी डिस्क आणायला गेलाय.

शाळेच्या_बाई_चोपडा | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.४५

डिस्कमध्ये काँक्रीट भरून दोन दिवस पाणी मारलं. पाईप ओल्या काँक्रीटमध्येच ओळंब्यात धरला होता, चारी बाजूंनी विटा लावून. आज दुपारी छत्री चढवली, ५८ वर आवळली, दिशा आधीचीच धरली. सासूबाई खाली. या वेळी "शून्य" चारदाच म्हणाल्या. मग चाळीस, पंचावन्न, आणि माझा हात थांबायच्या आत बहात्तर. एलएनबी किंचित पिळल्यावर अठ्ठ्याहत्तर. वारा होता, आकडा हलला नाही.

वाहिन्या शोधून झाल्या आणि खालून फोनमध्ये आवाज आला, "उनं वं माय, उनं!" मी जिना उतरून येईपर्यंत त्यांनी सह्याद्री लावलंही होतं. बटणाचा नंबर बदलला होता, तोही त्यांनी शोधून काढला. आता बातम्या बघतायत. मला म्हणाल्या, तू भाकरी टाकू नको, आज मी टाकते, कळण्याची.

फिटरभाऊ, तुम्ही चोपड्याकडे आलात तर घरी या. आणखी एक विचारायचं होतं. काही वाहिन्या गावाला पुतण्याच्या घरी दिसतात, आमच्याकडे नुसतं नाव येतं किंवा तेही येत नाही. तो सिग्नलचाच दोष का?

धरणगाव_फिटर | ५ ऑक्टोबर, रात्री ९.००

फार बरं वाटलं ताई. आईंना नमस्कार सांगा.

तो सिग्नलचा दोष नाही. तुमचा जुना बॉक्स एमपीईजी-२ चा, म्हणजे चित्र पाठवायच्या जुन्या पद्धतीचा. फ्री डिशवरच्या काही वाहिन्या एमपीईजी-४ मध्ये येतात, त्या त्याला उघडता येत नाहीत. आईंना हव्या त्या दिसत असतील तर आहे तोच राहू द्या. पुढे कधी एमपीईजी-४ चा आणलात तर छत्री, एलएनबी, केबल हेच चालेल, फक्त बॉक्स बदलायचा.

एवढं मात्र या आठवड्यात करा, परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. एलएनबीच्या कनेक्टरवर रबर टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा आधीच्यावर चढेल आणि पाणी आत शिरणार नाही. केबल घरात शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तिला खाली एक झोळ द्या, पाणी झोळावरून टपकून जाईल, भिंतीत जाणार नाही. विजा चमकायला लागल्या की बॉक्सचा प्लग काढा आणि मागची केबलही सोडवा. पंधरा दिवसांनी सगळे नट एकदा पुन्हा आवळा, नव्या बसवलेल्या छत्रीचे थोडे सैल होतातच.

आणि मार्चमध्ये ११ तारखेच्या आगेमागे दोन-चार दिवस, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला चित्र काही मिनिटं फुटेल. सूर्य पुन्हा उपग्रहाच्या मागे आलेला असेल, त्याच्या खरखरीत सिग्नल बुडतो. आईंना आधीच सांगून ठेवा. आपोआप परत येतं, छत्रीला कुणी हात लावू नका.